बावीस लिंबांचं बोट

नोटीस दाराखालच्या फटीतून आत सरकली, तेव्हा तिच्या एका हातात पिल्लूचा मोजा होता आणि दुसरा मोजा शोधायचं काम चालू होतं. कागदावर असं लिहिलं होतं: ‘आपल्या सदनिकेत दररोज दुपारी दोन ते तीन या वेळेत विनापरवाना ठोकाठोकीचे काम चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी ठेकेदाराचे नाव, मजुरांची संख्या व राडारोड्याची विल्हेवाट कशी लावणार, हे सात दिवसांत लेखी कळवावे.’

तिनं घरावरून नजर फिरवली. मजूर एकच होता, तोही दीड वर्षाचा आणि त्या क्षणी पंख्याकडे बघत स्वतःच्या पायाचा अंगठा चोखत होता. राडारोडा मात्र भरपूर होता. त्याची विल्हेवाट कशी लावायची हे सोसायटीला माहीत असेल, तर तिलाच ते लेखी हवं होतं.

दुपारी दोन ते तीन त्या घरात पियानो वाजायचा. विजेवर चालणारा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, कानाला हेडफोन लावला की बाहेर चकार शब्द न जाऊ देणारा. पिल्लू दोन वाजता झोपायची आणि तीन वाजता उठायची. सबंध दिवसातला तेवढा एक तास घरात कुणालाच तिची गरज नसायची. तो तास आपल्याला आवडतो की त्याची भीती वाटते, हे तिचं तिलाच नीटसं ठाऊक नव्हतं. नवरा पुलाच्या कामावर होता. पूल तिकडे, संसार इकडे आणि दोन्हींच्या मधे नेटवर्क नाही. रोज संध्याकाळी चार मिनिटं बोलणं व्हायचं. त्यातली दोन ‘ऐकू येतंय का?’ यात जायची, एक पिल्लूनं काय खाल्लं यात, आणि उरलेल्या एका मिनिटात तो विचारायचा, “बाकी काय?” एका मिनिटात मावेल एवढं बाकी तिच्याकडे नसायचं. ती म्हणायची, “बाकी काही नाही.”

दिवसभरात तिच्याशी सगळ्यात स्पष्ट बोलायची ती लिफ्ट. ‘दरवाजा बंद होत आहे,’ असं लिफ्टमधली बाई म्हणायची. एकदा तिनं “बरं” असं उत्तर दिलं होतं आणि नंतर कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहिलं होतं.

तर पियानो असा होता, की तो फक्त तिला ऐकू यावा. हेडफोनच्या आत सूर होते, बाहेर शांतता. निदान तिची अशी समजूत होती.

सेक्रेटरी वरच्या मजल्यावर राहायचे. त्यांच्या गळ्यात चष्मा आणि काखेत फाईल कायमची, दोन्ही एकत्र धुवायला टाकत असावेत. ती पिल्लूला कडेवर घेऊन गेली.

“अहो, माझ्याकडे ठोकाठोकी चालत नाही. मी पियानो शिकतेय.”

“पियानो?” सेक्रेटरींनी चष्मा चढवला. “पण आवाज तर सुरांचा नाही. धप् धप् धप् असा आहे. तक्रारीत तसं स्पष्ट आहे.”

“कुणाची तक्रार आहे?”

“ते सांगता येत नाही. नियम आहे.” मग त्यांनी फाईल तिच्याकडे वळवून ठेवली आणि ते स्वतः मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसले. तिच्या खालच्या घराचा नंबर होता. म्हणजे एक्स्चेंजबाई.

एक्स्चेंजबाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर असलेल्या, आता निवृत्त, एकट्या राहणाऱ्या, काठी टेकत चालणाऱ्या बाई. तिच्याशी त्यांचं बोलणं लिफ्टपुरतं. “झोपते का नीट?” “झोपते हो.” एवढंच. पण त्या एवढ्यावर तिनं मनात बरंच काही बांधलं होतं, ते आत्ता कोसळलं. आवाजाचा त्रास होतो, तर तोंडावर सांगायला काय झालं होतं?

“मग हे खोडा ना,” ती म्हणाली. “दुरुस्तीकाम नाहीये.”

“खोडता येत नाही. फॉर्मवर चारच रकाने आहेत. गळती, पार्किंग, पाळीव प्राणी आणि दुरुस्तीकाम. तुम्ही यातल्या कशात बसता सांगा, मी तिकडे टाकतो.”

ती गळतीत बसायला तयार झाली असती, पण पुरावा लागला असता. शेवटी तिनं उत्तराचा फॉर्म भरला. ठेकेदार: नाही. मजूर: मी स्वतः. ‘काम कधी पूर्ण होईल’ या रकान्यापाशी ती अडली. खोटं लिहायची सवय नव्हती. तिनं लिहिलं: ‘शिकवणाऱ्या मॅडमच्या मते, रोज सराव केल्यास आठ ते दहा वर्षे.’

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. दुसरी नोटीस आली. पंधरा दिवसांनी समिती प्रत्यक्ष पाहणी करील. खालच्या घरात आवाज आढळल्यास सदर वस्तू तळमजल्यावरच्या हॉलमध्ये हलवण्यात येईल. हॉलला कुलूप असायचं आणि आत एक तीन पायांचं टेबलटेनिसचं टेबल. पिल्लूला वर झोपवून ती खाली कशी जाणार? म्हणजे पियानो गेला की तो तासही गेला. मग दोन ते तीन पुन्हा पूर्वीसारखं पिल्लूचा श्वास चालतोय ना हे बघत बसायचं. दर पाच मिनिटांनी, नाकाशी बोट धरून.

पियानोच्या मॅडम दर बुधवारी यायच्या. वयानं तिच्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान, पण जरब अशी की त्या आल्या की पिल्लूसुद्धा रांगत जाऊन कोपऱ्यात नीट बसायची. त्यांनी नोटीस वाचली आणि हेडफोनची पिन उपसून काढली.

“वाजवा, ताई.”

तिनं वाजवलं.

“आता आवाज बंद करते. पुन्हा वाजवा.”

तिनं पुन्हा वाजवलं. सूर गेले आणि मागे जे उरलं ते ऐकून तिचे कान तापले. धप्. धप्. धप्. कुणी ओल्या कपड्यांना धोपटत असावं तसं.

“ऐकलंत? हे खाली जातं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही पट्टी दाबत नाही, तिचा जबाब घेता. ती बिचारी तळाला कधीच टेकलेली असते. सूर वाजून जातो, तरी तुम्ही दाबतच असता. त्या दाबण्याचा सुराला काही उपयोग नाही, ताई. तिथून पुढे तुम्ही पियानो वाजवत नाही, इमारत वाजवता.”

“सगळेच नवशिके असं करतात का?”

“सगळेच. शिकलेलं बोट लागेल तेवढाच जोर देतं आणि काम झालं की लगेच सैल पडतं. नवशिक्याला भरवसा नसतो ना! आवाज आलाय हे पटतच नाही त्याला.” मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं आणि ओट्यावरच्या टोपलीतून एक लिंबू उचललं. ते त्यांनी पट्टीच्या कडेला, घरंगळू नये म्हणून दोन बोटांच्या कोंडाळ्यात, अलगद ठेवलं. पट्टी हळूच, आज्ञाधारक मुलीसारखी खाली गेली. “एवढंच लागतं. एका लिंबाएवढं वजन. जोरात वाजवायचं तर आणखी चारदोन लिंबं. बस.”

मॅडम गेल्यावर तिनं स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. लिंबू पन्नास ग्रॅम भरलं. मग काट्यावर तिनं बोट टेकवलं, डोळे मिटले आणि रोज वाजवते तशी सरगम मनात धरून दाबलं. डोळे उघडले तर काटा म्हणत होता, एक किलो शंभर ग्रॅम. म्हणजे बावीस लिंबं. तिनं तीनदा करून पाहिलं. मधल्या बोटानं तर पंचविशी गाठली. करंगळी तेवढी अठरावर होती. ती घरात सगळ्यात शहाणी निघाली.

आता एवढी बातमी कुणाला सांगायची? संध्याकाळच्या चार मिनिटांत ती म्हणाली, “अहो, माझं बोट बावीस लिंबांचं आहे.”

“काय? लिंबं संपलीत? मागव की.”

“नाही, बोट…”

“ऐकू येत नाहीये. बाकी काय?”

“बाकी काही नाही.”

मग शेजारपाजार जागा झाला. इमारतीत एखादीला नोटीस आली की इतरांना कर्तव्याची जाणीव होते. शेजारच्या वहिनींनी उपाय सांगितला: पियानोच्या पायांखाली गादी घालायची. घरात जादा गादी एकच, पिल्लूची. ती घातली. पियानो एका अंगाला कलला आणि वाजवताना डुलायला लागला, नावेत बसल्यासारखा. धप् कमी झालं, पण त्याच्यासोबत एक करकर नव्यानं सुरू झाली. इकडे पिल्लूनं आपली गादी कुठे गेली याचा तपास लावला आणि त्या दुपारी ती पियानोखाली, कललेल्या पायाला मिठी मारून झोपली. एकाच वेळी गादीवर पियानो आणि पोरगी दोन्ही झोपवता येत नाहीत, हा शोध लागायला दोन दिवस आणि एक टेंगूळ लागलं. टेंगूळ आईला.

समोरचे काका पूर्वी शाळेत कसरतीचे शिक्षक होते. त्यांच्या मते सगळ्या रोगांचं मूळ अशक्तपणा. “बोटात ताकद नाही म्हणून तू दाबतेस, पोरी. ताकदवान माणसाला जोर लावावा लागत नाही.” बोलण्यात तथ्य वाटलं, हीच पंचाईत. त्यांनी मुठीत दाबायची एक स्प्रिंग दिली. ती आठवडाभर वरण ढवळताना, फोनवर बोलताना, पिल्लूच्या मागे पळताना स्प्रिंग दाबत राहिली. आठव्या दिवशी काट्यानं एकोणतीस लिंबं दाखवली आणि बरणीचं झाकण उघडताना बरणीच तडकली.

आईचा फोन आला. आई म्हणाली, “अगं, ती झोपते तेव्हा तूही झोपत जा. आम्ही हेच केलं. पियानो कशाला हवाय?”

“मग मी उठते तेव्हा काय करू?” असं तिच्या तोंडावर आलं होतं, पण एवढ्यात पलीकडे आईचा कुकर शिटी द्यायला लागला. कुकरला नेहमीच तिच्यापेक्षा आधी उत्तर मिळायचं.

या सगळ्यात एक गोष्ट तिच्या लक्षात आली. दाबणं हे नुसतं पियानोपुरतं नव्हतं. लिफ्टचं बटण ती एकदा दाबून थांबत नसे. चार-पाचदा दाबायची, शेवटचं धरून ठेवायची. डबे असे लावायची की दुसऱ्याला उघडता येऊ नयेत. फोनवर ‘हॅलो’ असं म्हणायची की पलीकडचा दचकावा. पलीकडे पोचलंय, ऐकू गेलंय, दिवा लागलाय, याच्यावर तिचा विश्वासच बसत नसे. हे कधीपासून झालं, ते आठवत नव्हतं. पूर्वी ती एकदाच बेल वाजवून दारात थांबणारी मुलगी होती.

एक्स्चेंजबाई एकदा लिफ्टमध्ये भेटल्या. तिनं ठरवून दिव्याच्या आकड्यांकडे पाहिलं. बाईंनी विचारलं, “झोपते का नीट?” तिनं लिफ्टपेक्षाही कोरड्या आवाजात “हो” म्हटलं. बाईंनी आणखी काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दरवाजा बंद होत आहे म्हणून लिफ्टच बोलली. तिला बरं वाटलं. घरी येईपर्यंत वाईट वाटायला लागलं. मग वाईट वाटल्याचा राग आला आणि त्या दुपारची सरगम तेहतीस लिंबांची झाली.

पाहणीच्या आदल्या दिवशी तिनं हात टेकले. म्हणजे पिल्लूच्या पाठीवर टेकले. पिल्लू झोपायला तयार नव्हती. ती थोपटत होती. आधी भरदार थाप, कारण पिल्लूची तीच मागणी असायची. मग पापण्या जड झाल्या तशी थाप हलकी. मग आणखी हलकी. मग नुसता हात ठेवायचा. आणि मग सगळ्यात अवघड काम, हात काढून घेणं. तो असा काढायचा की पाठीला कळू नये, हात होता तो गेला कधी. एक बोट उचलायचं, थांबायचं, दुसरं उचलायचं. श्वास धरून. दीड वर्ष ती हे रोज करत होती. पहिले दोन महिने तिनं हात काढला की पिल्लू किंचाळायची. आता अख्ख्या इमारतीत तिच्याइतक्या सफाईनं पाठीवरचा हात कुणी काढू शकलं नसतं.

शेवटचं बोट उचलता उचलता ती थबकली. मग चवड्यांवर चालत जाऊन काटा घेऊन आली, जमिनीवर ठेवला आणि त्याच हातानं, तशीच, शेवटची थाप दिली.

चाळीस ग्रॅम. एक लिंबूसुद्धा नाही.

ती काट्याकडे बघत राहिली. हात तोच. बाई तीच. एका ठिकाणी पस्तीस वर्षांच्या अनुभवी माणसासारखी आणि चार पावलांवर धोपटणारी! फरक एवढाच की इथे आपण लक्षात येऊ नये अशी धडपड असते आणि तिथे कुणाच्या तरी लक्षात यावं अशी. तिनं हेडफोन लावले आणि पियानोच्या पट्ट्यांना झोपवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला समिती आली. समिती म्हणजे सेक्रेटरी आणि खजिनदार. खजिनदार खाली एक्स्चेंजबाईंच्या घरी स्टुलावर उभे राहून छताला स्टीलचा पेला लावून ऐकणार होते. सेक्रेटरी वर, फोन कानाला लावून. पिल्लू झोपलेली असल्यामुळे सगळा कारभार कुजबुजत.

ती बसली. हेडफोन चढवले. हात ठेवले. पाच मिनिटांनी सेक्रेटरींनी तिच्या खांद्याशी वाकून खूण केली. तिनं एक कान मोकळा केला.

“सुरू करा ना,” ते कुजबुजले.

“केव्हाचं सुरू आहे.”

सेक्रेटरींनी तिच्या बोटांकडे पाहिलं. मग फोनमध्ये म्हणाले, “आला का?… काहीच नाही?… पेला सुलटा धरलाय का उलटा?… दोन्हीकडून बघा.” मग पुन्हा तिला, “जरा मोठ्यानं वाजवा.” तिनं चारदोन लिंबं वाढवली. हेडफोनच्या आत सूर मोठा झाला, गोल झाला, भरून आला. तिनं इतकं चांगलं याआधी कधीच वाजवलं नव्हतं. आणि शेजारी उभा असलेला माणूस घड्याळाकडे बघत होता.

“नाही?” सेक्रेटरी फोनमध्ये म्हणाले. “अगदीच नाही? उतरा मग.” त्यांनी फाईल उघडली, लिहिलं आणि वाचून दाखवलं: “‘प्रत्यक्ष पाहणीत सदर सदनिकेतून कोणताही आवाज आढळला नाही.’ इथे सही करा.”

तिनं सही केली. जिंकलीच होती ती. पियानो राहिला, तास राहिला. पण सही करताना तिला उगीचच वाटलं, की या घरात कुणी राहत नाही अशा दाखल्यावर आपण सही करतोय.

“चला, निकाली,” सेक्रेटरींनी फाईल काखेत मारली. दारात गेल्यावर ते थांबले. “बाई मात्र समाधानी नाहीत हं. खजिनदार म्हणाले आत्ता फोनवर.”

“आता आणखी काय हवंय त्यांना?”

“त्यांचं काही वेगळंच आहे. म्हणे, मी तक्रार कुठे केली होती? मी तर लिफ्टमध्ये सेक्रेटरींना नुसतं विचारलं, वर दोन वाजता काय चालतं म्हणून.” सेक्रेटरी किंचित ओशाळले. “आता विचारलं म्हणजे मी नोंद तर करणारच ना! माझं कामच आहे ते.”

तिनं हेडफोन दुसऱ्या कानावरूनही उतरवून गळ्यात सोडले.

“आणि म्हणे, रोज दोनला वर कुणीतरी असायचं. सोबत वाटायची. मी काठीनं छताला उत्तरसुद्धा द्यायचे, पण वरून कधी काही आलं नाही. वाटलं, मला ओळखत नसेल. आणि कालपासून तर वर कुणीच नाही. ती वरची मुलगी बरी आहे ना, बघा म्हणे. मी म्हटलं, समोरच बसलीय, उत्तम आहे.” त्यांनी चष्मा खाली सोडला. “तुम्हाला कधी ऐकू आली का हो काठी?”

तिचा हात गळ्यात लोंबणाऱ्या हेडफोनवर गेला.

“नाही,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिल्लू दोनला झोपली. तिनं पाठीवरचा हात बोटाबोटानं काढून घेतला आणि पियानोसमोर जाऊन बसली. हेडफोन स्टुलाखाली ठेवले. पियानोचं बटण बंदच ठेवलं. मग डावीकडची एक जाड सुराची पट्टी निवडली आणि पंधरा दिवस जे सोडायची धडपड केली होती ते सगळं गोळा करून दाबली.

धप्.

पिल्लूनं कूस बदलली. ती श्वास धरून बसली. खालून काहीच आलं नाही. मनात सगळ्या शक्यता एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या: बाई झोपल्या असतील, बाहेर गेल्या असतील, पडल्या असतील, रागावल्या असतील. लिफ्टमधलं ते “हो” त्यांना लागलं असेल. बोट पुन्हा पट्टीवर गेलं, आणखी जोरात दाबायला. ते तिनं तिथेच थांबवलं. एकदा दाबलंय. थांबून तर बघ.

ती थांबली.

मग आलं. टक्. आणि थोड्या वेळानं, टक् टक्. इतकं हलकं की हेडफोन असते तर कधीच कळलं नसतं, आणि इतकं स्पष्ट की ‘ऐकू येतंय का?’ असं विचारायची गरज पडू नये. पस्तीस वर्षं कुणाचीही झोपमोड न करता माणसांना माणसं जोडून देणारा हात होता तो. त्या आवाजात एक लिंबूसुद्धा जास्त नव्हतं.

पिल्लू जागी झाली नाही.

तिनं तर्जनी पट्टीवर ठेवली आणि उत्तर दिलं.